दुसऱ्या वर्षीचं पाणी : नागरिकांच्या उपक्रमांसाठीच्या निधीबाबत महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
महापौर, आयुक्त आणि नागरिक-उपक्रम निधी समितीचे सर्व सदस्य

सस्नेह नमस्कार.

रहिवाशांच्या पर्यावरणपूरक आणि सामाजिक उपक्रमांना महापालिका जो निधी देते, त्याची नवी नियमावली गेल्या आठवड्यात वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं की आपल्याच वाचण्यात काही चुकतंय. चुकत नव्हतं. यापुढे निधी फक्त ‘नावीन्यपूर्ण’ प्रस्तावांना मिळेल. एका गटाला एकदाच मिळेल. काम पूर्ण करून बिलं सादर केल्यावर मिळेल. आणि नोंदणीकृत संस्थेलाच मिळेल, तेही तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब जोडले तर. यातली प्रत्येक अट सुटी वाचली तर रास्त वाटते. चारही एकत्र लावल्या, की ज्यांच्यासाठी हा निधी सुरू झाला तीच माणसं दाराबाहेर राहतात.

मी आपल्या कार्यालयात या विषयावर दोन अर्ज दिले आहेत. पोच मिळाली, उत्तर नाही. माझ्यासारख्या इतर गटांचीही हीच तक्रार आहे, म्हणून आता उघडपणे लिहिते आहे.

आधी माझा या सगळ्याशी संबंध काय ते सांगते. मी कुठल्या संस्थेची पदाधिकारी नाही. आमच्या इमारतींच्या मागे महापालिकेचा एक भूखंड कित्येक वर्षं मोकळा पडून होता. मोकळा म्हणजे राडारोडा, फुटक्या फरशा, प्लास्टिक आणि कधीतरी पेटवलेल्या कचऱ्याचा धूर. पाच वर्षांपूर्वी आम्ही काही शेजाऱ्यांनी तो साफ केला. तिथे कंपोस्टचे तीन कप्पे बांधले, चाळीस रोपं लावली, आणि महिन्यातून एक दुपार ‘दुरुस्तीची दुपार’ म्हणून ठेवली. ज्याचा पंखा, इस्त्री, सायकल बिघडली असेल त्याने यावं, आणि ज्याला दुरुस्ती येते त्याने शेजारी बसून ती करायला शिकवावं. पहिल्या वर्षी याच निधीतून आम्हाला मदत मिळाली होती. ती मिळाली नसती तर कप्पे बांधलेच गेले नसते. त्याबद्दलची कृतज्ञता आजही आहे.

कंपोस्टचा ढीग आपल्यापैकी किती जणांनी जवळून पाहिला आहे मला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खाली वाळका पाला, त्यावर ओला कचरा, पुन्हा पाला, असे थर. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका हवा. मुठीत दाबलं तर एखादा थेंब यावा, धार लागू नये. ढीग नीट चालला आहे की नाही हे पाहायला आमच्याकडे एक लोखंडी सळई आहे. ती ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसायची, दहा मिनिटांनी ओढून काढायची आणि टोकाला हात लावायचा. हात टिकला नाही तर समजायचं की आत पंचावन्न-साठ अंशांच्या घरात उष्णता आहे, तणाचं बी मरतंय, रोगजंतू मरताहेत. सळई नुसती कोमट लागली, तर ढीग उलटायची वेळ झाली. नाकाला आंबूस वास आला तर पाला कमी पडलाय. आमच्या गटातल्या एक निवृत्त शिक्षिका गेली पाच वर्षं दर दोन दिवसांनी ही सळई हातात घेतात आणि वहीत एक ओळ लिहितात. तारीख, गरम की कोमट, काय घातलं. त्या चार वह्या भरल्या आहेत.

हे काम क्षुल्लक नाही. जागतिक बँकेने २०१८ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगभरातल्या नागरी कचऱ्यात अन्नाचा आणि झाडपाल्याचा वाटा ४४ टक्के आहे. हा कचरा डेपोत दाबला गेला, हवा मिळाली नाही, की त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची तापवण्याची ताकद त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त आहे. डेपोपर्यंत तो कचरा नेण्याचं इंधन, गाड्या, माणसं यांचा खर्च आपल्याच अंदाजपत्रकातून होतो. आमच्या तीन कप्प्यांमुळे शहराचा प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. पण जो कचरा भूखंडावरच जिरतो तो आपल्या गाडीत चढत नाही, हे कुठल्याही हिशेबनिसाला पटेल.

आता दुसऱ्या वर्षी काय झालं ते सांगते, कारण माझ्या पत्राचं सगळं म्हणणं त्यात आहे.

पहिल्या वर्षीच्या पैशात रोपं आली, खड्डे झाले, फलक लागला. कार्यक्रम झाला, फोटो निघाले. दुसऱ्या वर्षी आम्ही तीन गोष्टी मागितल्या : भूखंडावर नळजोडणी, पाला बारीक करायच्या यंत्राचं नवं पातं, आणि घरोघरून ओला कचरा गोळा करून आणणाऱ्या बाईंना महिन्याचं मानधन. उत्तर आलं की हा आवर्ती, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा खर्च आहे, तो निधीच्या कक्षेत बसत नाही. मात्र आपण नवीन प्रस्ताव सादर करू शकता. आम्ही नवा प्रस्ताव दिला नाही. आम्हाला नवं काही करायचंच नव्हतं. लावलेलं जगवायचं होतं. त्या उन्हाळ्यात समोरच्या इमारतीतून बादल्या भरून आणल्या, तरी चाळीसातली अकरा रोपं गेली. लावलेल्या झाडाची मुळं खोल जाईपर्यंत पहिली दोन-तीन वर्षं त्याला हाताने पाणी घालावं लागतं, हे आपल्या उद्यान विभागातला कोणीही माळी सांगेल. शहर रोप लावायला पैसे देतं. पाणी घालायला देत नाही.

म्हणून आपल्या नव्या नियमावलीतला ‘नावीन्यपूर्ण’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, आणि त्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे.

आमच्याकडे नवं काहीच नाही. खत कुजवणं शेतीइतकंच जुनं आहे. दुरुस्तीच्या दुपारची कल्पनाही आमची नव्हे. ॲमस्टरडॅम शहरात २००९ मध्ये एका पत्रकार बाईंनी पहिला असा दुरुस्ती-कट्टा भरवला, आणि आज जगभरात असे कट्टे हजारोंनी आहेत. ते पसरले कारण लोकांनी निःसंकोच उचलले. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन या छोट्या गावात २००८ पासून रहिवासी सार्वजनिक जागांत, अगदी पोलिस ठाण्यासमोरच्या वाफ्यांतही, भाज्या लावतात आणि कोणीही त्या खुडून न्याव्यात असं सांगतात. ती कल्पनाही पुढे कितीतरी गावांनी घेतली. चांगला उपक्रम असाच वाढतो, एका वस्तीतून दुसरीत. आपल्या नियमावलीप्रमाणे मात्र दुसरी वस्ती अपात्र, कारण पहिलीने ते आधी केलं आहे. आणि पहिलीही अपात्र, कारण तिला एकदा पैसे मिळाले आहेत. मग निधी उरतो कोणासाठी? जो दर वर्षी नवं नाव, नवा फलक आणि नवं सादरीकरण घेऊन येऊ शकतो त्याच्यासाठी.

‘नवीन प्रस्ताव द्या’ हा आग्रह जुन्या नियमांतही होता, आणि त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. निधी मिळावा म्हणून एका गटाने चालू असलेलं चांगलं काम बंद करून त्याच जागेवर उभी बाग केली, भिंतीला टांगलेल्या कुंड्यांची. उद्घाटनाला ती सुंदर दिसली. दीड वर्षात ठिबकच्या नळ्या बुजल्या, आता तिथे नुसते लोखंडी सांगाडे आहेत. त्या गटाला मी दोष देत नाही. नियमाने त्यांना तिकडे ढकललं.

दुसरी बाब पैसे देण्याच्या क्रमाची. ‘आधी काम करा, बिलं द्या, मग परतावा मिळेल.’ आमच्या गटात काही जण पदरमोड करू शकतात, आम्ही ती केली आहे. पण नाल्याकाठच्या वस्तीतल्या बायकांनी सार्वजनिक नळाभोवतीची घसरडी जागा नीट करून तिथे पाणी मुरवणारा खड्डा करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी कुठून पैसे आणायचे? त्यांच्याकडे कल्पना होती, जागेचं बारीक ज्ञान होतं, श्रम द्यायची तयारी होती. चार-सहा महिने अडकवून ठेवता येईल अशी रक्कम नव्हती. त्यांनी अर्जच केला नाही. परताव्याची पद्धत आपल्याला सुरक्षित वाटते, कारण पैसे बुडण्याचा धोका महापालिकेवर येत नाही. तो धोका नाहीसा झालेला नाही. तो सगळाच्या सगळा रहिवाशांच्या अंगावर गेला आहे, आणि ज्यांना तो पेलत नाही ते मुकाट्याने बाजूला झाले आहेत. आपल्या यादीत त्यांचा नकारही दिसत नाही.

नोंदणी आणि लेखापरीक्षणाची अट त्याच वळणाची आहे. मोठ्या रकमेला ती हवीच. पण काही पोती कोकोपीट, दोन फावडी आणि एक पाण्याची टाकी एवढ्यासाठी न्यासाची नोंदणी करायची, सनदी लेखापाल धरायचा आणि तीन वर्षं थांबायचं? आमच्या लेखापालाचं शुल्क पात्याच्या किमतीपेक्षा जास्त होतं. सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. आम्ही पहिल्या वर्षीचा पैन्‌पैचा हिशेब भूखंडाच्या फाटकावर लावला होता, येणारा-जाणारा वाचत असे, प्रश्न विचारत असे. एकाने तर टिकावाची किंमत जास्त लावली आहे म्हणून हटकलं, आणि त्याचं बरोबर होतं. दुकानदाराने चूक केली होती, आम्ही पैसे परत घेतले. एवढी कडक तपासणी कुठल्या लेखापरीक्षणात झाली असती असं मला वाटत नाही.

आपल्या बाजूच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. याआधी काही गटांनी पैसे उचलले आणि काम केलं नाही, हे खरं आहे. दर वर्षी देखभालीचा खर्च उचलायचा म्हटला तर जबाबदारी वाढत जाईल, ही भीतीही खोटी नाही. आपल्याच कार्यालयातल्या एका कनिष्ठ अधिकाऱ्यांनी मला शांतपणे समजावलं होतं, “ताई, एकदा दिलेल्या पैशाची फाईल बंद करता येते. चालू खर्चाची फाईल कधीच बंद होत नाही, आणि आमची बदली झाली तरी सही आमचीच राहते.” त्यांनी त्यांच्या परीने आम्हाला खूप मदत केली. एका टेबलाचे हेलपाटे वाचावेत म्हणून ते स्वतः फाईल घेऊन खाली गेले आहेत. माझी तक्रार माणसांविषयी नाही. नियम असे आहेत की चांगल्या माणसालाही हात आखडता घ्यावा लागतो.

पण या अडचणींवर इतर शहरांनी उपाय शोधलेले आहेत, आणि ते गुपित नाहीत.

अमेरिकेतल्या सिॲटल शहरात १९८८ पासून वस्त्यांसाठी जोड-निधी आहे. वस्तीने आपला वाटा घालायचा, शहर त्याला जोड देतं. यातली मोलाची गोष्ट अशी, की वस्तीचा वाटा रोख पैशातच असावा लागत नाही. स्वयंसेवकांचे श्रमाचे तास, मिळालेलं सामान, कोणा जाणकाराने फुकट दिलेला वेळ, या सगळ्याची किंमत धरली जाते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही पण हात आहेत, तोही बरोबरीने पात्र ठरतो. आमच्या शिक्षिकाबाईंच्या चार वह्या तिथे भांडवल म्हणून मोजल्या गेल्या असत्या. आपल्या अर्जात त्यांना रकानाच नाही.

इटलीतल्या बोलोन्याने २०१४ मध्ये एक नियमावली केली. शहरातल्या सामाईक जागांची निगा राखायला नागरिक आणि महापालिका यांनी आपसांत करार करायचा. करारात कोण काय करणार, किती काळ, शहर काय पुरवणार, हे सगळं लिहिलेलं असतं. शहराची मदत नेहमी रोखीची नसते. अवजारं, साहित्य, तांत्रिक सल्ला, प्रशिक्षण, जागेचा वापर अशा रूपातही ती येते. नंतर इटलीतल्या शेकडो नगरपालिकांनी तशाच नियमावल्या स्वीकारल्या. कोणी कोणाला विचारलं नाही की यात तुमचं नवं काय.

ब्राझीलमधलं पोर्तो आलेग्रे हे तर या विषयातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. १९८९ मध्ये तिथे रहिवाशांनी वस्तीसभांमधून शहराच्या गुंतवणुकीचा प्राधान्यक्रम ठरवायला सुरुवात केली. त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी आपण घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. पहिली, वर्षाची सुरुवात मागच्या वर्षाच्या हिशेबाने व्हायची. गेल्या वर्षी जे ठरलं त्यातलं काय झालं, काय राहिलं, हे अधिकाऱ्यांनी लोकांसमोर उभं राहून सांगायचं, मगच नव्या मागण्या. दुसरी, पैसे वाटताना नुसती मतं मोजली जात नसत. कुठल्या भागात त्या सोयीची किती उणीव आहे, लोकसंख्या किती, आणि त्या भागाने स्वतः कशाला अग्रक्रम दिला, यांना गुण होते. ज्याच्याकडे कमी, त्याचं पारडं जड. जागतिक बँकेच्या नोंदीप्रमाणे १९८८ मध्ये तिथली ७५ टक्के घरं पाणी आणि सांडपाण्याच्या जाळ्याला जोडलेली होती, १९९७ मध्ये ९८ टक्के. सगळं श्रेय एकट्या या पद्धतीला द्यायचं कारण नाही. पण लोकांना पैशांबद्दल विचारलं तर ते फक्त फुलझाडं मागतात, हा जो समज आपल्या सभागृहातून अधूनमधून ऐकू येतो, त्याला हे चोख उत्तर आहे. लोकांनी गटारं मागितली.

आपल्याकडे मात्र अंतिम निवड ऑनलाइन मतदानाने होते. मोठ्या संकुलांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक निरोप फिरला की हजार मतं पडतात. नाल्याकाठच्या वस्तीचा प्रस्ताव आलाच, तरी तिथे एका फोनवर चार माणसं असतात. पॅरिसने २०१४ मध्ये नागरिकांच्या पसंतीचं अंदाजपत्रक सुरू केलं, आणि पुढच्या दोन वर्षांत कष्टकरी वस्त्यांसाठी त्यातला मोठा हिस्सा वेगळा राखला. त्यांच्याही पद्धतीत आमच्यासारखीच एक खोट आहे, हेही सांगायला हवं. तिथला पैसा गुंतवणुकीच्या खात्यातला, म्हणजे बांधायला आहे, चालवायला नाही. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून नगरसदस्यांच्या विभागांत जे लोकांचं अंदाजपत्रक चालतं, तेही प्रामुख्याने भांडवली कामांसाठीच. जगात सगळीकडे शहरांना उभारणी आवडते, राखण आवडत नाही. म्हणून ती चूक आपणही करायलाच हवी असं नाही.

न्यूयॉर्कचं नाव निघालं आहे तर जागेबद्दलही बोलते. १९७३ मध्ये तिथल्या काही रहिवाशांनी, लिझ क्रिस्टी ही त्यांच्यात पुढे होती, एका कोपऱ्यावरचा उकिरडा झालेला भूखंड साफ करून बाग केली. पुढच्याच वर्षी शहराने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. १९७८ मध्ये अशा बागांना मदत करायला शहराने स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला, तो आजही चालू आहे. आणि त्याच शहराने १९९९ मध्ये अशाच शंभराहून अधिक बागांचे भूखंड लिलावात काढले होते. लोक रस्त्यावर उतरले, दोन संस्थांनी पैसे उभे करून ते भूखंड विकत घेतले, तेव्हा बागा वाचल्या. आमच्या भूखंडाची परवानगी एका वर्षाची असते. दर वर्षी ती संपते, दर वर्षी आम्ही अर्ज करतो, आणि मधले दोन-तीन महिने आम्ही कागदोपत्री अतिक्रमणवाले असतो. वर्षभराच्या परवानगीवर माणूस पालेभाजी लावेल, झाड कसं लावेल?

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रश्नावरच्या आयुष्यभराच्या अभ्यासासाठी. पाटाचं पाणी, कुरणं, मासेमारी, जंगलं अशा सामाईक गोष्टी लोक एकत्र येऊन पिढ्यान्‌पिढ्या कशा सांभाळतात, हे त्यांनी जगभरातल्या उदाहरणांवरून तपासलं. जिथे हे जमलं तिथे काही खुणा सारख्या आढळल्या. वापरणाऱ्यांना नियम ठरवण्यात वाटा होता, देखरेख त्यांचीच होती, आणि वरच्या सत्तेने त्यांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला होता. आपली नियमावली ठरवताना एकाही चालत्या गटाला बोलावलं गेलं नाही. हरकती मागवल्याचं जे निवेदन होतं, ते मुदत संपल्यावर आमच्यापर्यंत पोचलं.

आणखी एक लहानशी गोष्ट. नाकारलेल्या अर्जांना कारण दिलं जात नाही. ‘आपला प्रस्ताव निवडीस पात्र ठरला नाही’ एवढी एक ओळ. पुढच्या वेळी माणसाने काय सुधारायचं?

आमच्या मागण्या अशा आहेत. त्या मी तीन गटांशी बसून, बोलून लिहिल्या आहेत.

नव्या नियमावलीची अंमलबजावणी या वर्षापुरती थांबवावी, आणि सध्या काम करत असलेल्या गटांबरोबर खुली बैठक घ्यावी. बैठक कामाच्या दिवशी दुपारी नको. कचरा गोळा करणाऱ्या बाईंना यायला जमेल अशा वेळी घ्यावी.

‘नावीन्यपूर्ण’ ही पात्रतेची अट काढून टाकावी. निधीचे दोन स्पष्ट भाग करावेत, एक सुरुवातीसाठी आणि एक चालू ठेवण्यासाठी, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा लहान नसावा. चालू ठेवण्याची मदत तीन वर्षांच्या करारावर द्यावी, दर वर्षी काम प्रत्यक्ष पाहून. काम थांबलं असेल तर मदत थांबवावी, त्याला आमची हरकत नाही. आपल्या फाईल बंद होण्याचा प्रश्नही त्यातून सुटतो. करार संपला की फाईल बंद.

मंजूर रकमेतली निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी द्यावी. उरलेली कामाच्या टप्प्याप्रमाणे, आणि बिलं सादर केल्यापासून तीस दिवसांच्या आत.

लहान रकमांसाठी नोंदणीची अट नसावी. तीन रहिवाशांचं संयुक्त बँक खातं, पावत्या, आणि जागेवर सगळ्यांना वाचता येईल असा लावलेला हिशेब पुरेसा मानावा. मोठ्या रकमांना आत्ताचेच नियम राहू द्यावेत.

श्रमदानाचे तास गटाचा वाटा म्हणून मोजावेत. त्याचा दर आपण ठरवा, अकुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका धरलात तरी चालेल.

निवड नुसत्या ऑनलाइन मतांवर होऊ नये. मोकळी जागा, झाडं, पाणी, स्वच्छता यांची जिथे उणीव जास्त, त्या वस्त्यांना जादा गुण असावेत, आणि काही हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असावा. कागदी अर्जही घ्यावेत. नकार दिला तर लेखी कारण द्यावं.

जागेची परवानगी किमान पाच वर्षांची असावी, आणि परवानगीबरोबर नळजोडणी मिळावी. पाण्याचं बिल आम्ही भरू. जोडणी आम्हाला स्वतःहून करता येत नाही, ती फक्त आपल्याला करता येते.

आणि या निधीला अंदाजपत्रकात ठरलेला वाटा मिळावा, दर वर्षी कोणाच्या तरी मर्जीवर कमी-जास्त होणारी रक्कम नको. पोलंडने २०१८ मध्ये कायदा करून मोठ्या शहरांना नागरिकांच्या अंदाजपत्रकासाठी खर्चाच्या किमान अर्धा टक्का रक्कम बाजूला काढणं बंधनकारक केलं. आम्हीही अर्ध्या टक्क्यापासून सुरुवात करायला तयार आहोत.

या यादीतली एकही मागणी अशी नाही की जिच्यासाठी आपल्याला नवं कर्ज काढावं लागेल. बऱ्याचशा नुसत्या एका परिपत्रकाने होण्यासारख्या आहेत.

यंदाच्या अर्जांची मुदत महिनाअखेरीस संपते. आमचा अर्ज भरून झाला आहे, तो या पत्राबरोबरच पाठवते आहे. नियमाप्रमाणे तो बाद होणार हे माहीत असूनही. पहिल्या पानावर मोठा रकाना आहे, ‘आपल्या प्रस्तावातील नावीन्य थोडक्यात स्पष्ट करा.’ त्यात आम्ही सगळ्यांनी मिळून एवढंच लिहिलं आहे : कप्पे तेच, माणसं तीच, एकोणतीस झाडं जिवंत आहेत, हे पाचवं वर्ष. नळजोडणी हवी आहे.

आपली,
भूखंडावर पाणी घालणाऱ्यांपैकी एक रहिवासी